दुसरा कोस

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे ठरलेले दिवस. सकाळच्या एसटीनं जालन्याहून निघायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून कोसभर पायी गावात जायचं. खांद्याला पिशवी. तिच्यात सलाइनच्या दोन बाटल्या, गॉजची पाकिटं, हातमोजे, चिकटपट्टी, एक लहान बॅटरी आणि जुन्या सुती साडीचे धुऊन घडी केलेले तुकडे. वाड्याच्या ढाळजेत पाय टाकला की आतून आवाज येतो, "आली का ती?" माझं नाव काकू घेत नाहीत. दीड वर्षात एकदाही घेतलेलं नाही.

काकूंचं वय चौऱ्याऐंशी. साखरेचा आजार पंचवीस वर्षांपासूनचा. उजव्या पायाची दोन बोटं आधीच काढलेली आहेत आणि त्याच तळव्याला, अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढी जखम आहे. ती भरत येते, पुन्हा उघडते. दोन कामवाल्या बाया त्यांनी महिनाभरात पळवून लावल्या, एकीच्या अंगावर ताट फेकलं. सुनेला तर त्या सकाळपासून बोलत असतात. मी गेले की मोर्चा माझ्याकडं वळतो. पाणी गरम आहे, पाणी गार आहे, तुझे हात खरबरीत आहेत, सरकारी दवाखान्यात असंच शिकवतात व्हय? त्या पायाला गरम-गार काही कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी मी पुन्हा कोपर बुडवून पाहते आणि म्हणते, "काकू, कोमटच आहे."

मी सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं सिस्टर होते. कटकटे पेशंट खूप पाहिले. शिव्या देणारे, सुई ओढून काढणारे, रात्री तीनला घंटी वाजवून पंखा कमी करा म्हणणारे. पण तिथं पगार होता, पाळी होती, आठ तासांनी दुसरी सिस्टर यायची. काकूंची गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी का आहे हे सांगायला मला १९७२ सालात जावं लागेल.

तेव्हा मी सहा वर्षांची होते. दुष्काळ. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि पाणी होतं ते पाटलांच्या वाड्यातल्या आडाला. महारवाड्यातल्या बाया घागरी घेऊन वाड्याच्या मागच्या दाराशी बसायच्या. आडाला हात लावायचा नाही. आतून कुणी पोहऱ्यानं पाणी काढून वरून घागरीत ओतलं तर ओतलं. देशाची घटना येऊन बावीस वर्षं झाली होती, पण ती त्या मागच्या दारापर्यंत पोचली नव्हती. आजी सकाळी जायची ती कधी कधी ऊन डोक्यावर आल्यावर परत यायची. त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. घागर भरली. आजी चुंबळ नीट करत होती तेवढ्यात मी घागर सोडून पुढं गेले आणि आडाच्या काठावर हात टेकून आत वाकून पाहिलं. मला फक्त पाणी बघायचं होतं.

तरुण पाटलीणबाई तिथं उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता आमची भरलेली घागर पायानं कलती केली. पाणी फरशीवरून नालीत गेलं. आजीनं मला मारलं नाही, रागावलीही नाही. रिकामी घागर काखेला लावून ती घरी आली आणि त्या रात्री आमच्याकडं चूल पेटली नाही.

त्या पाटलीणबाई म्हणजे आताच्या काकू.

आजी त्या वाड्यात सडा, शेण, सरपण असं सगळं काम करायची. पैसे नाहीत. सुगीला खळ्यावरचं थोडं धान्य आणि सणाला शिळी पोळी. निजामाच्या राजवटीत आमच्या आजोबांना अंमलदाराचं ओझं डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पळावं लागे. याला वेठ म्हणायचे, बेगार म्हणायचे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदानं बेगारीला बंदी घातली. इंग्रजी घटनेतही तिथं 'बेगार' हाच आपला शब्द आहे. दुसऱ्या कुठल्या शब्दात ते दुःख मावलं नसतं, असं मला तो अनुच्छेद पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं.

काकूंची सून मला जालन्यात औषधाच्या दुकानात भेटली. तिनं मला ओळखलं, बाजूला घेतलं आणि रडायलाच लागली. जखमेला वास येतोय, ड्रेसिंगला माणूस टिकत नाही, रोज जालन्याला न्यायला गाडी परवडत नाही, आणि डॉक्टर म्हणतात हयगय झाली तर पाय घोट्यातून जाईल. "ताई, तुम्ही आपल्या गावच्या. एवढं बघाल का?" मी बघते म्हटलं आणि अकरा दिवस गेले नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "तिच्या पायाला हात लावायला शिकवलं का तुला मी?" आईनं मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून फरशा पुसून मला नर्सिंगला घातलं होतं. त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही.

त्या अकरा दिवसांत मी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय कितीदा वाचला असेन. येशूचं डोंगरावरचं प्रवचन आमच्या घरी सगळ्यांना पाठ. दुसरा गाल पुढं कर, अंगरखा मागणाऱ्याला वरचं वस्त्रही दे, शत्रूंवर प्रीती करा. ही वचनं मी लहानपणापासून ऐकली, आणि खरं सांगायचं तर मला ती कधी आवडली नाहीत. ज्यांचे गाल पिढ्यान् पिढ्या सुजलेले आहेत त्यांनाच हे सांगायचं? पण त्या प्रवचनात एक ओळ आहे तिच्यापाशी मी अडकले. कुणी तुला वेठीस धरून एक कोस नेलं, तर त्याच्याबरोबर दोन कोस जा.

वेठीस धरून. आमच्या मराठी बायबलात हाच शब्द आहे. रोमी सैन्याचा तसा रिवाजच होता. वाटेत दिसेल त्या यहुदी माणसाला थांबवायचं आणि आपलं ओझं त्याच्या पाठीवर लादायचं. मूळ ग्रीकमध्ये अंतर मैलाचं आहे, रोमी मैल, आपल्या दीड किलोमीटरच्या आसपास. भाषांतर करणाऱ्यांनी कोस लिहिलं, आणि मला वाटतं बरं केलं, कारण माझ्या आजोबांनी ओझी मैलांनी वाहिली नाहीत, कोसांनीच वाहिली. पुढं याच शुभवर्तमानात, कुरेनेकर शिमोनाला शिपाई धरतात आणि येशूचा वधस्तंभ त्याच्या खांद्यावर देतात, तिथं ग्रीकमध्ये क्रियापद तेच आहे आणि मराठीतही वेठीस धरलं असंच म्हटलं आहे. म्हणजे ज्यानं हे वचन सांगितलं त्याच्या शेवटच्या वाटेवरही एक वेठबिगारी चालत होता.

आता विचार करा. पहिला कोस संपला. शिपाई ओझं उतरवून घ्यायला हात पुढं करतो. आणि हा माणूस म्हणतो, राहू दे, अजून एक कोस येतो. त्या क्षणी काय झालं? पहिल्या कोसाचा मालक शिपाई होता. दुसऱ्या कोसाचा मालक चालणारा आहे. ओझं तेच, रस्ता तोच, पाठही तीच. पण आता त्याला कुणी नेत नाही, तो जातोय. शिपायालाच कळेनासं होतं की याच्याशी वागायचं कसं.

आजीचा सगळा जन्म पहिल्या कोसात गेला. तिला तो संपवताच आला नाही. माझा संपलेला आहे. मला त्या वाड्यात कुणी बोलावून नेऊ शकत नाही, थांबवून ठेवू शकत नाही, माझ्या पेन्शनला हात लावू शकत नाही. मग जायचं असेल तर आता, माझ्या पायानं. हे लक्षात आलं तेव्हा बाराव्या दिवशी मी एसटीत बसले.

पण जाताना काही गोष्टी पक्क्या केल्या. एक, मी पुढच्या दारानं येणार. मागच्या दाराशी माझी घागर सांडली होती, तिथून नाही. दोन, मला बसायला खुर्ची किंवा पाट लागेल, कारण पाय धुताना मी खाली बसणारच आहे पण गेल्या गेल्या उभं राहणार नाही. तीन, मी मालकीणबाई म्हणणार नाही, काकू म्हणेन. पाटलांच्या मुलाला मी हे तोंडावर सांगितलं. तो माझ्याच वयाचा, शाळेत एका वर्गात होता. मान खाली घालून हो म्हणाला.

मग तो पैशांचं बोलला, आणि इथं मी खरी अडले. फुकट करायचं तर आजीनंही फुकटच केलं होतं. त्याच वाड्यात, त्याच घराण्याच्या पायाशी, माझ्याही हातावर काही न ठेवता ते काम करून घेणार असतील तर बेगार आणि सेवा यांत फरक काय राहिला? पैसे घेतले तर मी नोकरीला आले, आणि नोकरी मला करायची नव्हती. दोन मिनिटं मी गप्प बसले. मग म्हणाले, "एका ड्रेसिंगचे माझे दोनशे रुपये होतात. ही माझ्या कामाची किंमत आहे. ती मी माझ्या मर्जीनं सोडतेय. सामानाचे आणि एसटीचे मात्र द्या." त्याला वाटलं असेल, घ्यायचे नाहीत तर आकडा कशाला सांगते. पण आकडा सांगणं मला भाग होतं. ज्याची किंमत कुणी धरलीच नाही ते देता येत नाही. ते नुसतं जातं.

निघताना त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "एक विचारू का? धर्माचं काही नाही ना यात?" हल्ली हा प्रश्न सगळीकडं विचारला जातो. मला वाईट वाटलं, रागही आला, पण प्रश्न त्यानं प्रामाणिकपणे विचारला होता म्हणून मी प्रामाणिक उत्तर दिलं. म्हणाले, "मी ख्रिस्ती आहे म्हणून येतेय, हे खरं. तुम्ही व्हावं म्हणून येत नाही, हेही खरं. जखम भरली की माझं येणं संपलं." गेल्या दीड वर्षात त्या वाड्यात मी मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता प्रार्थनेला पुरतो.

पायांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझं बहुतेक शिक्षण त्या पायांनीच केलं.

साखरेच्या आजारात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि रक्तपुरवठाही कमी होतो. काटा रुतला तरी कळत नाही, चप्पल चावली तरी कळत नाही, गरम पाण्याच्या पिशवीनं कातडी भाजली तरी माणूस शांत झोपलेला असतो. दुखणं ही देवानं दिलेली राखण आहे, ती गेली की घर उघडं पडतं. म्हणून पाय रोज बघावा लागतो. तळवा म्हाताऱ्या माणसाला स्वतःला दिसत नाही, त्यासाठी खाली आरसा धरायचा किंवा दुसऱ्या कुणी वाकून बघायचं. पाणी कोमट हवं आणि ते कोपरानं तपासायचं, ज्याचा पाय आहे त्याच्या सांगण्यावर जायचं नाही. पाय पाण्यात भिजत ठेवायचा नाही. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या हलक्या हातानं कोरड्या करायच्या, तिथं ओल राहिली की बुरशी धरते. टाचांना तेल चालतं, बेचक्यांत नाही. जखमेचा भाग सलाइननं धुवायचा. जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर ते आधी सलाइननं ओलं करायचं, थांबायचं आणि मग सोडवायचं, कारण खाली नवं मांस येत असतं. गुलाबी, दाणेदार, अगदी कोवळं. ओढून काढलं की ते फाटतं आणि आठवड्याची भर एका झटक्यात जाते.

हे सगळं मला पाठ होतं. तरी एका शुक्रवारी मी ते ओढून काढलं.

त्या दिवशी काकूंनी नातवाला माझ्यादेखत शिकवलं होतं. तो तीन वर्षांचा पोर माझ्या पिशवीतल्या बॅटरीशी खेळत माझ्या मांडीवर येऊन बसला. काकू म्हणाल्या, "उठ तिथून. आता अंघोळ घालावी लागेल याला." पन्नास वर्षांपूर्वीची घागर माझ्या डोळ्यांपुढं पुन्हा कलती झाली. मी खाली मान घातली, सलाइनची बाटली बाजूलाच होती, आणि मी ती न उघडता चिकटलेलं गॉज एका हिसक्यात ओढलं. रक्त आलं. काकूंना कळलंसुद्धा नाही. त्या सुनेला चहाचं सांगत होत्या.

त्यांना कळणार नाही हे मला माहीत होतं. ज्याला दुखत नाही त्याला दुखवण्यात काय मिळतं? पण मला काहीतरी मिळालं होतं, क्षणभर, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. रक्त थांबवलं, नीट ड्रेसिंग केलं, आणि हात धुऊन परत येऊन त्यांच्यापुढं बसले. म्हणाले, "काकू, आज मी पट्टी रागानं ओढली. रक्त आलं. चुकलं माझं." त्या माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुठं कळतंय." आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

परतीच्या वाटेवर मी रडले. प्रेषित पौलानं करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आमच्याकडं लग्नात वाचतात. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, ती अपकार स्मरत नाही. लग्नात ऐकताना ते गोड वाटतं. पण तो अध्याय पौलानं नवरा-नवरीसाठी लिहिलेला नाही, एकमेकांशी भांडणाऱ्या मंडळीसाठी लिहिला आहे. आणि त्यात प्रीतीला समोरचा माणूस आवडतो असं कुठंही म्हटलेलं नाही. तो बरा वागतो, उपकार मानतो, बदलतो, असंही नाही. तिथं फक्त प्रीती कशी वागते ते आहे. मला काकू आवडत नाहीत. हे मी देवापुढंही लपवत नाही. अपकार न स्मरणं मला जमलेलं नाही, तुम्ही पाहताच आहात, मी ते इथं लिहूनच काढलेत. सलाइननं पट्टी ओली करून थांबणं मात्र जमतं. त्या शुक्रवारनंतर एकदाही चुकलं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. आपल्याकडं पाय धुण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. जावयाचे धुतात, गुरूचे धुतात, लहानानं मोठ्याचे धुवायचे. तिथं ती उलटी झाली. पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. यहूदा काही बोलला नाही. तो तिथंच होता, येशूला धरून द्यायचा त्याचा बेत ठरलेला होता, आणि त्याचेही पाय धुतले गेले. प्रवचनात नेहमी इथं थांबतात. मला त्याच्या आधीची ओळ महत्त्वाची वाटते. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडं जात आहोत, हे जाणून तो उठला. जाणून. आपण कोण आहोत हे पक्कं माहीत असलेल्या माणसानं गंगाळाला हात घातला. ज्याला ते माहीत होऊ दिलेलं नाही, ज्याला जन्मापासून तू खालचाच आहेस असं सांगितलं आहे, त्याच्या हातात गंगाळ देणं म्हणजे नम्रता शिकवणं नव्हे.

हे मी जोर देऊन लिहितेय त्याला कारण आहे. आमच्या मंडळीत एक तरुण बाई आहे. शिवणकाम करून घर चालवते, नवरा पितो आणि मारतो. बायकांच्या प्रार्थनासभेत एक वडीलधारी बाई तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सिस्टरकडं बघ. त्या तर त्या वाड्यात जाऊन पाय धुतात. तुला घरातल्या घरात सहन होत नाही?" मी सभेत सहसा बोलत नाही. त्या दिवशी उठले. म्हणाले, माझं नाव यात घालू नका. ही पहिल्या कोसात आहे. हिच्या पाठीवर ओझं आहे आणि शिपाई अजून काठी घेऊन मागं उभा आहे. हिला दुसऱ्या कोसाचं वचन वाचून दाखवणारा माणूस शिपायाच्या बाजूचा. प्रमुख याजकाच्या घरी शिपायानं तोंडात मारली तेव्हा प्रभूनंसुद्धा विचारलं होतं, मी बरं बोललो असेन तर मला का मारतोस? सभा गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन संरक्षण अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेले. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे आणि त्याचा अर्ज भरणं हीसुद्धा मंडळीचीच सेवा आहे, असं माझं ठाम मत आहे. ती आता भावाकडं आहे. मशीन आम्ही तिकडं पोचवली.

स्वतःहून चालत गेलेल्या माणसांची आठवण जालन्याला आहे. नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढं स्कॉटिश मिशनचे पाळक म्हणून ते जालन्याला आले. मांग-महारांतून ख्रिस्ती झालेल्या घरांसाठी त्यांनी जालन्याजवळ एक वस्ती उभी केली, तिला नाव दिलं बेथेल, देवाचं घर. त्यांना कुणी वेठीस धरलं नव्हतं. आमची आजी मात्र बेथेलइतकीच पैठणचीही गोष्ट सांगायची. नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरले, ही गोष्ट सगळे सांगतात. आजीची आवडती दुसरी होती. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात महाराचं पोर रडत होतं, पाय भाजत होते, नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी नेऊन सोडलं. ख्रिस्ती झालेली आजी ती गोष्ट सांगताना डोळ्यांना पदर लावायची. लहानपणी मला वाटायचं, नाथ एवढे मोठे म्हणून ती रडते. आता वाटतं, तिला ते पोर आठवत असेल.

गेल्या पावसाळ्यात एकदा वीज गेली होती. मी बॅटरीच्या उजेडात पाय पुसत होते. काकू अंधारातून एकदम म्हणाल्या, "तुझी आजी सडा लई सारखा टाकायची. एक ठिपका इकडं-तिकडं नाही." म्हणजे मी कोण हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझा हात थांबला. हे कौतुक होतं, की आपल्या एका जुन्या वस्तूची आठवण होती? मी काही विचारलं नाही. बोटांच्या बेचक्या पुसल्या, एकेक. घरी येऊन आईला सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "सारखाच टाकायची ती." पिशवीतले साडीचे तुकडे आईच्या साडीचे आहेत. मी मागितले तेव्हा तिनं दे म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. पण आता घडी करून ठेवलेले असतात.

माझ्यासाठी चहा येतो तो अजूनही वेगळ्या कपात. पहिल्या दिवशी पाहिला तेव्हाच मी सुनेला म्हणाले, "वेगळ्या कपातला मी घेणार नाही." तेव्हापासून चहा येतो, समोर ठेवला जातो, आणि तसाच परत जातो. दीड वर्ष. पाण्याची बाटली मी घरून आणते. सून ओशाळते. काकू बघतात. हे आमचं चाललेलं आहे आणि यात मी माघार घेणार नाही.

जखम आता शेंगदाण्याएवढी राहिली आहे. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर महिन्यात भरेल, मग मऊ रबराची एमसीआर चप्पल घालून दोन पावलं चालवा.

या मंगळवारी मे महिन्याचं ऊन सकाळी नऊलाच पेटलं होतं. फाट्यावरून येता येता चपलेचा पट्टा तुटला आणि शेवटचा अर्धा रस्ता मी अनवाणी आले. गावात आठ दिवसांपासून टँकर नव्हता. वाड्याशी पोचले तर ढाळजेत, पुढच्या दारापाशी, एक बादली भरून ठेवलेली होती आणि तिच्यावर तांब्या. सून म्हणाली, "आत्यांनी सांगितलं, तिला आधी पाय धुवायला पाणी दे म्हणून."

बाहेरून आलेल्या पाहुण्याला देतात तसं ते पाणी होतं, की आत यायच्या आधी मी पाय धुवावेत म्हणून? सुनेच्या तोंडावरून तिलाही ते माहीत नव्हतं असं दिसलं. आत काकू जाग्या होत्या, खोकल्याचा आवाज येत होता. पाय फार पोळले होते. मी पिशवी खाली ठेवली, तांब्या भरला, आणि आधी उजव्या, मग डाव्या पायावर पाणी घेतलं. आडाचं पाणी होतं. गार. मग पाय पुसले आणि आत गेले.

"आली का ती?" काकू म्हणाल्या.

"आले, काकू."